रत्नागिरीच्या सुट्टीत: कोळंबीचा गळ की म्हाकुलाचा जिग?

सांगलीहून आंबा घाट उतरणार असाल, तर एक हलका रॉड दोन्हीला पुरतो. कृष्णेत कणकेच्या गोळीवर हात बसलेल्याला बारीक गळ सोपा: कोळंबीचा नखाएवढा तुकडा, छोटं शिसं, खाडीच्या तोंडाशी भरतीची वेळ. मुलं सोबत असतील तर हाच.

मला मात्र म्हाकूलच (स्क्विड) जास्त ओढतं. जिग म्हणजे शेपटाला सुयांचं कडं असलेलं, कोळंबीच्या आकाराचं खोटं आमिष; तो अडीच नंबरचा, साधारण 10 ग्रॅमचा घ्या. झटक्याने उचलायचा, मग दोरा ताणात ठेवून बुडू द्यायचा. म्हाकूल बहुधा बुडतानाच धरतं. रॉड जड लागला की हिसका नको, सोंड तुटते. सुयांना उलटा काटा नसतो, म्हणून दोरा सैल पडला की गेलंच! गढूळ खाडीत जिग टाकू नका. स्वच्छ खारं पाणी, रात्र आणि जेटीचा दिवा हवा. वर घेताना त्याचं तोंड समुद्राकडे ठेवा, शाईचे डाग कपड्यांवरून सहजी निघत नाहीत.