बदली, बोर्ड आणि बेंच: एका ऑनलाइन कोर्सबद्दल

जिल्हा न्यायालयात लघुलेखिका म्हणून माझी उभी नोकरी झाली. निवृत्तीनंतर दुपार मोकळी मिळते, म्हणून ‘आशियाई देशांतली न्यायव्यवस्थेची स्वायत्तता आणि मानवी हक्क’ या विषयावरचा एक ऑनलाइन कोर्स केला. फी साडेचार हजार. रेकॉर्ड केलेली इंग्रजी व्याख्यानं, प्रत्येक भागानंतर चाचणी, शेवटी प्रमाणपत्र. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे बरंच बोलणार आहे आणि माणसं भली वाटली. वकिली करणारा भाचा म्हणाला, “आत्या, सर्टिफिकेट घेऊन काय करणार?” काही नाही रे. इतकी वर्षं निकाल टाइप केले, आता जरा वाचून बघते.

पहिला भाग सरळ सोडून द्या. स्वायत्तता म्हणजे काय, हे तासभर सांगतात, तेही इतक्या संथपणे की डिक्टेशनची सवय असलेल्या माणसाला झोप यावी. मी वेग दीडपट केला. त्यातली कामाची गोष्ट एकच. युरोप, अमेरिका आणि आफ्रिका या तिन्ही खंडांत मानवी हक्कांची प्रादेशिक न्यायालयं आहेत, आशियात नाही. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा मानवी हक्क आयोग २००९ मध्ये आला, पण एखाद्या माणसाची तक्रार घेऊन तिची सुनावणी करण्याचा अधिकार त्याला नाही. १९९५ साली बीजिंगमध्ये आशिया-पॅसिफिक देशांच्या सरन्यायाधीशांनी न्यायव्यवस्थेच्या स्वायत्ततेच्या तत्त्वांवर सह्या केल्या, पण तीही कोणावर बंधनकारक नाहीत. म्हणजे देशातल्या वरच्या कोर्टाने दार लावलं की शेजारी दुसरं दार नाही. हे दोन मिनिटांत सांगून झालं असतं.

मलेशियाचा भाग मात्र नेटका आहे. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख सालेह अब्बास यांना न्यायाधिकरण नेमून पदावरून काढलं. त्या न्यायाधिकरणाला रोखू पाहणारे पाच न्यायाधीश निलंबित झाले आणि त्यातल्या दोघांना पुढे घरी जावं लागलं. हे ढोबळपणे माहीत होतं. त्याच वर्षी घटनेच्या कलम १२१ मधून न्यायिक अधिकार न्यायालयांकडे ‘निहित’ असल्याचे शब्द काढले गेले आणि संसदेचा कायदा देईल तेवढेच अधिकार उरले, हे माहीत नव्हतं. माणसं काढल्याचा गाजावाजा होतो, पण कलमातले चार शब्द गेले तर बाहेर कोणाला कळत नाही. व्याख्यात्या बाईंनी जुना आणि नवा मजकूर शेजारी शेजारी ठेवून दाखवला. असं शिकवणं मला पटतं.

मालदीवची गोष्ट ऐकताना व्हिडिओ थांबवून बसले. १ फेब्रुवारी २०१८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ राजकीय कैद्यांना सोडण्याचा आदेश दिला. ५ तारखेला आणीबाणी लागली. सरन्यायाधीश अब्दुल्ला सईद आणि दुसरे एक न्यायाधीश अटकेत गेले आणि उरलेल्या तिघांनी सुटकेचा आदेश मागे घेतला. आठवडासुद्धा लोटला नव्हता. माझ्या मनात भलताच प्रश्न आला: दोन्ही आदेश एकाच स्टेनोने टाइप केले असतील का?

सगळ्यात उत्तम भाग जपानचा. १८९१ मध्ये ओत्सू इथे एका पोलिसाने रशियाच्या युवराजावर तलवार चालवली. सरकारला फाशी हवी होती, पण त्यासाठी वापरायचं कलम फक्त जपानी राजघराण्यावरच्या हल्ल्याचं होतं. सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख कोजिमा दबावापुढे नमले नाहीत आणि आरोपीला जन्मठेप झाली. मग खुनाचा आरोप असलेल्या इवाओ हाकामादा यांचा खटला येतो. १९६८, शिझुओका, तीन न्यायाधीश. त्यातले कुमामोतो नोरिमिची यांचं मत होतं की आरोपी निर्दोष आहे. दोन विरुद्ध एक असं झालं आणि फाशीचा निकाल लिहायचं काम त्यांच्याच वाट्याला आलं. तिथे खालच्या न्यायालयात वेगळं मत छापलं जात नाही, चर्चा गुप्त राहते. त्यांनी पुढे लवकरच नोकरी सोडली आणि २००७ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं. कोर्स हाकामादांच्या २०१४ मधल्या सुटकेवर थांबतो. सप्टेंबर २०२४ मध्ये ते निर्दोष ठरले. कुमामोतो ते ऐकायला नव्हते, २०२० मध्येच गेले.

याच्याशेजारी न्या. हंसराज खन्ना ठेवायला हवे होते. एप्रिल १९७६ मध्ये, आणीबाणीतल्या अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येते का, या प्रश्नावरच्या एडीएम जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक असताना त्यांचं वेगळं मत नावानिशी छापलं गेलं आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीशांना सरन्यायाधीश केलं. एकीकडे मत पोटात ठेवावं लागलं, दुसरीकडे मत उघड करून पद गेलं. कोर्सने खन्नांना भारताच्या भागात, कुमामोतोंना जपानच्या भागात ठेवलं आणि दोघांची गाठच घालून दिली नाही.

माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. बाकी बराचसा कोर्स म्हणजे सरन्यायाधीशांचं स्कोअरकार्ड: २००७ पाकिस्तान, २०१३ श्रीलंका, २०१८ फिलिपिन्स, कोण कसं बाद झालं. कोर्टात नोकरी केलेल्या कोणालाही विचारा, न्यायाधीश साहेबांची झोप उडते ती बदलीच्या ऑर्डरने. आणि कुठलं प्रकरण कोणाच्या बोर्डावर, म्हणजे कोणत्या न्यायाधीशांच्या सुनावणीच्या यादीत लागलं, यात निम्मा खटला असतो. आपल्याकडे १२ जानेवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायाधीशांनी पत्रकार परिषद घेतली ती प्रकरणांच्या वाटपावरूनच. तिला इथे जेमतेम दोन मिनिटं. हाँगकाँगच्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याच्या कलम ४४ नुसार अशा खटल्यांसाठीचे न्यायाधीश मुख्य प्रशासक, म्हणजे तिथल्या सरकारचा प्रमुखच, नेमून देतो, त्यालाही एकच स्लाइड. बांगलादेशात न्यायव्यवस्था प्रशासनापासून वेगळी करायला सांगणारा मासदार हुसेन खटल्याचा निकाल १९९९ चा आणि दंडाधिकारी प्रत्यक्षात प्रशासनापासून वेगळे झाले नोव्हेंबर २००७ मध्ये. मधली आठ वर्षं काय चाललं होतं, हे ऐकायला मी वेगळे पैसे दिले असते. आणीबाणीत आपल्याकडे उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या, त्याचा तर उल्लेखही नाही.

पाकिस्तानचा भाग २००९ मध्ये संपतो. वकिलांचं आंदोलन, हटवलेले सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरी पुन्हा खुर्चीवर, वर संगीत. ऑक्टोबर २०२४ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने सरन्यायाधीश ज्येष्ठतेने येण्याऐवजी पहिल्या तिघांतून संसदीय समितीने निवडायचा, असं ठरलं. त्यावर चकार शब्द नाही. व्याख्यानं जुनी, फी मात्र चालू वर्षाची.

चाचण्या पोरकट आहेत, सनावळी आणि नावांचं स्पेलिंग. एका प्रश्नाचं ठरवून दिलेलं उत्तरही चुकलंय. जबलपूरचा निकाल कधी रद्द ठरवला गेला, याचं उत्तर त्यांनी १९७८ ची चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती धरलं आहे. तिने आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाण्यावर बंदी घालू देणारं कलम ३५९ बदललं, निकाल खोडला नव्हता. तो खोडला २४ ऑगस्ट २०१७ ला, खासगीपणाच्या हक्काबद्दलच्या पुट्टस्वामी खटल्यात. मी मेल केली. सौजन्याने उत्तर आलं, मला गुणही मिळाला. प्रश्न अजून तसाच आहे.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी घ्यायला हरकत नाही, पण पूर्ण फी देऊन नको. सवलत वरचेवर निघते, तेव्हा घ्या. आधी जपान बघा, मग मालदीव, मग मलेशिया. सबटायटलमध्ये नावं वाटेल तशी येतात, तेव्हा हाताशी कागद-पेन्सिल असू द्या.