रेकॉर्ड कॉम्प्युटरवर उतरवताना: दिवाळी ते पावसाळा, एका सेटअपचा अनुभव

सेटअप असा: बेल्टवर फिरणारं साधं टर्नटेबल, मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईची थरथर विजेत बदलणारा भाग), तो क्षीण सिग्नल वाढवणारा वेगळा फोनो प्रीअँप, आवाज कॉम्प्युटरला आकड्यांत देणारा २४ बिटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, जुना लॅपटॉप आणि ऑडॅसिटी हे ध्वनी रेकॉर्ड-एडिट करायचं फुकटातलं सॉफ्टवेअर. दिवाळीपासून वापरतोय. बाबांच्या नाट्यसंगीत-भावगीतांच्या बहुतेक एलपी उतरवून झाल्या. यंत्रांबद्दल फारशी तक्रार नाही. पण आवाज स्वच्छ करायचं निम्म्याहून जास्त काम सॉफ्टवेअरच्या आधीच होतं, हे विकताना कुणी सांगत नाही.

सुरुवातीचा त्रास म्हणजे सतत चालणारी घूंऽऽ. कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात. प्रीअँप ते शंभरेक पट वाढवतो, आणि आरआयएए दुरुस्तीत (रेकॉर्ड कापताना दाबलेले खालचे सूर पुन्हा वर आणायची ठरलेली पद्धत) खालचे सूर वरच्यांपेक्षा कितीतरी जास्त उचलले जातात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ती नेमकी तिथंच सापडते. सुई उचलून ठेवा, मिनिटभर रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीच्या प्लॉट स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या सुराला किती जोर, त्याचा ग्राफ) बघा: ५०, १००, १५० ला सुळके दिसले तर दोष तबकडीचा नाही. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर प्रीअँपच्या स्क्रूला घट्ट बसवली, प्रीअँप सगळ्या अडॅप्टरांपासून हातभर दूर नेला, बरीच घूं गेली. उरलेली लॅपटॉपच्या चार्जरची होती. रेकॉर्डिंगपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवला की शांत. घूं घालवायला थ्री-पिनची अर्थ तोडून टाका, असा सल्ला देणारे भेटतात. जिवाशी खेळ आहे, अजिबात करू नका.

मग आला एप्रिल. नागपूरकरांना कुलरबद्दल वेगळं सांगायला नको. खिडकीतल्या कुलरची थरथर ग्रिलमधून भिंतीत, फरशीत, टेबलात आणि तिथून सुईत. ऐकताना कळतही नाही, पण ग्राफमध्ये खाली जाडजूड डोंगर उभा. बंद करावा तर दुसरी पीडा: कोरड्या हवेत तबकडीवर स्थिर वीज साठते, धूळ ओढली जाते आणि गाणं तडतडतं. शेवटी जमलं ते असं: पहाटे आधी कुलर चालवून खोलीत जरा ओल आणायची, मग तो आणि पंखा दोन्ही बंद, कार्बन ब्रश फिरवायचा, सुई टेकवायची. एलपीची एक बाजू वीसेक मिनिटांची, तेवढा घाम गाळायचा. टर्नटेबल टेबलावरून काढून भिंतीच्या ब्रॅकेटवर कडप्प्याच्या लादीवर ठेवलं. या सगळ्या खटाटोपात सर्वांत कमी खर्च आणि सर्वांत मोठा फरक त्या लादीचा.

रेकॉर्ड धुवायला नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, वाळल्यावर क्षार खाचांत बसतात. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, त्यात थेंबभर भांडी घासायचं लिक्विड. नंतर त्याच पाण्याने खळबळून मायक्रोफायबरने टिपायचं. लेबल भिजू देऊ नका.

ऑडॅसिटीतलं क्लिक रिमूव्हल बरं आहे, पण मूळ सेटिंग जोरात वाटतं. तबल्याची ‘ना’ आणि चिपळ्यांची टोकं त्याला टकटकच वाटतात, तो ती खातो. मोठी टक मी हाताने निवडून रिपेअर लावतो. रिपेअर एका वेळी १२८ सॅम्पलच (आवाजाच्या सुट्या नोंदी) घेतं, वेळखाऊ आहे, पण निकाल उत्तम. नॉइज रिडक्शनला नमुना द्यायचा तो गाणं सुरू होण्याआधीच्या रिकाम्या खाचेचा, सुई उचललेल्या शांततेचा नव्हे. १२ डेसिबलवर तानपुरा पाण्याखाली गेल्यासारखा येतो. मी ६ वर थांबतो, थोडी खरखर राहू देतो. मोनो रेकॉर्ड असेल तर आधी दोन्ही चॅनेल मिसळून एक करा, खाचेतली वरखाली थरथर तिथंच कटते आणि पुढचं काम हलकं होतं. आणि काहीही करण्याआधी कच्ची फाइल वेगळी ठेवा. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर एक बाजू साधारण ३०० एमबी होते, हार्ड डिस्क मोठी घ्या.

इंटरफेसला मात्र पैकीच्या पैकी नाही देणार. लॅपटॉपच्या एका यूएसबी पोर्टात लावला की माउस हलवताना बारीक किणकिण येते, दुसऱ्यात नाही. २४ बिट असल्याने लेव्हल -६ डेसिबलच्या वर न नेताही चालतं, हा फायदा मोठा.

७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्या अजून बाकी आहेत. त्यांना जाड सुई लागते, एलपीची सुई खाचेच्या तळाशी घासून नुसती घाण वाजवते. जाड सुई मागवली आहे. तोवर कोरडा ब्रशच. स्पिरिट लावलं तर लाखच विरघळते.