सप्टेंबरची 31 तारीख

लाज वाटते, तरी लिहितो. 34 वर्षं मराठी शाळेत मास्तरकी केली आणि 1,19,300 रुपयांना गंडलो. त्यातले 84,000 गावाचे.

गाव कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठाला. जुलै 2021 च्या पुरात अंगणवाडीची पांढऱ्या मातीची भिंत बसली, पत्रे खाली आले, पोषण आहाराची पोती कुजली. 2019 च्या पुरातच भिंत पोचट झाली होती. पोरं समाजमंदिरात गेली. आया विड्या वळणाऱ्या नाहीतर भांगलणीला जाणाऱ्या, पोरं सांभाळणार कोण? आणि अशा वेळी एका संस्थेच्या नावाने फोन आला. ‘सर, पूरग्रस्त अंगणवाड्यांसाठी एका कंपनीचा सीएसआर फंड आहे.’ म्हणजे कंपनीने समाजकामासाठी काढलेला पैसा. 8,40,000 ची इमारत, गावाने फक्त 10 टक्के लोकवर्गणी भरायची.

आता हसाल. पण आमच्याकडे देवळाचा कळस असो की शाळेची खोली, लोकवर्गणीशिवाय काही उभं राहिलेलं मी पाहिलं नाही. पूर्ण फुकट म्हणाला असता तर मी फोन आपटला असता. 10 टक्के म्हणाला म्हणून खरा वाटला.

आधी नोंदणी फी 10,000 आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 11,800. मी पेन्शनीतून भरले. देणगी घ्यायला जीएसटी कसला, हे विचारायचं सुचलं नाही. मग मंजुरीचं पत्र आलं. रंगीत शिक्का, गोल सही, आणि तारीख 31/09/2021.

ही तारीख मी पाहिली होती. चष्मा लावून पाहिली होती. मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजायला मी पोरांच्या दोन पिढ्यांना शिकवलं. पहिलीतल्या पोराने सप्टेंबरला 31 दिवस लिहिले असते तर लाल पेन्सिलीने गोल केला असता. इथे मात्र ‘टायपिंगची चूक’ म्हणून मीच पांघरूण घातलं. बायको म्हणालीसुद्धा, ‘अहो, ही तारीख असती का?’ मी तिलाच गप्प केलं. तिथे थांबलो असतो तर 11,800 वर निभावलं असतं.

62 घरांतून वर्गणी गोळा केली. कुणी 200, कुणी 5,000. ‘गुरुजी, तुम्ही आहात म्हणून देतोय.’ पैसे पाठवताना स्क्रीनवर संस्थेच्या जागी कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव आलं. ‘सिमेंट-सळईवाल्याचं खातं आहे सर, माल थेट तिथूनच सुटतो.’ पटलं! मग माती परीक्षणाचे 23,500, तेही माझेच. त्यानंतर फोन बंद.

खरी वरात पुढे. इकडच्या ठाण्यात म्हणाले, खातं महाराष्ट्रातलं, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, पैसे कर्नाटकातून गेले, तिकडेच जा. हद्द कुठलीही असो, तक्रार ‘झिरो एफआयआर’ म्हणून घ्यावीच लागते; हे मला एका वकिलाने महिन्याने सांगितलं, खाकीवाल्यांपैकी कुणीही नाही. इकडे परत आलो तर ‘अर्ज कन्नडात आणा’. मला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. लिहून घ्यायला 300 रुपये गेले. मग साहेब बंदोबस्तात, मग साहेबांची बदली. ‘नाळे बन्नी, नाळे बन्नी.’ ह्यांचा उद्या काही उजाडला नाही. बँकेने पोलिसांचं पत्र मागितलं, पोलिसांनी बँकेचं स्टेटमेंट. खात्यातले एक जण तर म्हणाले, ‘सरकारी अंगणवाडी बांधायला तुम्हाला सांगितलं कुणी?’ प्रश्न बरोबर होता, म्हणून जास्त झोंबला. पंचायतीच्या आणि महिला-बाल खात्याच्या परवानगीशिवाय तिथे वीटही लावता येत नाही, आणि मी त्या कचेरीची पायरी चढलोच नव्हतो.

सीएसआरचा पैसा कंपनीच्या नफ्यातून येतो. तो द्यायला कुणी गावाकडे फी मागत असेल तर तो चोर. संस्थेचा सीएसआर-1 नोंदणी क्रमांक मागा; असा पैसा घेणाऱ्या संस्थेची ती केंद्र सरकारकडची नोंदणी. खातं संस्थेच्या नावाचं नसेल तर रुपयाही सोडू नका. गेलेच पैसे, तर पहिल्या तासात 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा, ठाण्याच्या बाकड्यावर बसून वाट पाहू नका. आणि बायको तारीख दाखवत असेल तर बघा.

विडीवाल्या बायांचे पैसे मी आधी परत केले. बाकीच्यांचे महिन्याला थोडे थोडे फेडतोय.

त्या माणसाचा व्हॉट्सॲप नंबर परवा पुन्हा चालू झालेला दिसला. फोटोत आमचीच पोरं आहेत, मीच पाठवलेला फोटो: मागे अर्धी भिंत, शेजारी निळं पिंप. कृष्णा, दूधगंगा, घटप्रभा, कुठल्याही काठाला हा फोटो दाखवून कुणी वर्गणी मागितली, तर ती अंगणवाडी आमची आहे. अजून पडलेलीच आहे.