पायाच्या जखमेला अल्ट्रासाउंड: काही महिन्यांचा अनुभव (आणि सलाईनची बाटली)

आधी सलाईनचं बोलतो. जखम धुणाऱ्या अल्ट्रासाउंड मशीनला ५०० मिलीची बाटली लावतात. जखम धुऊन झाली की जवळजवळ निम्मी उरते, ती ओतून देतात आणि बिलात अख्खी बाटली, तीही दुकानापेक्षा चढ्या भावाने. अण्णांनी एकदा विचारलंच, "सिस्टर, उरलेलं घरी नेऊ का?" उघडलेली बाटली पुन्हा वापरत नाहीत, मान्य. मग १०० मिलीच्या लावा की! त्याही मिळतात.

अण्णांची शुगर जुनी, जखम अंगठ्याखाली तळव्याला. गोळ्या चालू असूनही पू थांबेना. जंतू जखमेवर सायीसारखा चिकट थर धरतात, त्यात अँटिबायोटिकचं फारसं चालत नाही. फिजिओवाले जेल लावून फिरवतात ते मशीन १ किंवा ३ मेगाहर्ट्झचं. हे २० ते ४० किलोहर्ट्झमधलं. सलाईनमध्ये बारीक बुडबुडे होऊन फुटतात, थर आणि मेलेली कातडी सुटते. तुषार उडतात, म्हणून वेगळी खोली, सगळ्यांना मास्क (त्याचेही पैसे). थर एक-दोन दिवसांत पुन्हा धरतो, म्हणून धुतल्या धुतल्या सिल्व्हरची ड्रेसिंग. साफ केलेल्या जखमेतला तुकडा कल्चरला (कोणता जंतू ते बघायला) पाठवला, स्टॅफ नावाचा जंतू निघाला, गोळी बदलली. मग कुठे वास गेला.

तेव्हा लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

मग मशीनचा हँडपीस (हातात धरून जखमेवर फिरवायचा भाग) बिघडला. "कंपनीकडे पाठवलाय" हे उत्तर कित्येक आठवडे. तोवर डॉक्टरांनी ब्लेडने साफ केलं, गोळ्या आणि ड्रेसिंग तेच, आणि जखम त्याच गतीने भरत राहिली! पायावरचा भार काढणारा बूट अण्णा नेमाने घालू लागले तेही याच दिवसांत, त्यामुळे श्रेय नेमकं कुणाचं ते सांगता येत नाही. मधुमेही पायाच्या २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही ब्लेड सोडून अल्ट्रासाउंड वापरू नका असंच सुचवतात. हे मला आधी कुणी सांगितलं नाही.

म्हणून तीन तारे. अण्णांच्या तळव्याला संवेदनाच नाही, ब्लेड त्यांना कळतही नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या मावशी मात्र ब्लेड बघूनच ओरडायच्या, त्यांना मशीन सुसह्य होतं. अशांनी जरूर विचारावं. ॲडमिट नसल्याने आमच्या मेडिक्लेमने एक रुपया दिला नाही, तेव्हा दर सिटिंगचा खर्च आधी लिहून घ्या. आणि पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय मशीन, ब्लेड काहीच सुरू करू देऊ नका.