अँबेसिडरचं काच मशीन: बाजारातला नवा सेट घ्यावा की जुनंच दुरुस्त करावं?

अँबेसिडर बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना 2014 मध्ये बंद झाला. आता अँबेसिडरसाठी काच मशीन, म्हणजे हँडल फिरवल्यावर दाराची काच वरखाली करणारी दारातली यंत्रणा, म्हणून दुकानात जे मिळतं, ते बहुतेक बिनब्रँडचं असतं. वेळेला ते चालतं, पण जुन्या मशीनचे दाते शाबूत असतील तर ते काढून नवं बसवण्यात काहीच फायदा नाही.

नव्या मशीनचा कच्चा दुवा म्हणजे दातेरी पात्याचा रिव्हेट. दुकानातच मशीन हातात धरून पातं बाजूला हलवून बघा. तिथेच खुळखुळलं तर दारात बसल्यावर दाते एकमेकांवरून घसरणार. जुनं मशीन सोबत न्या आणि मशीनच्या हाताची (काच उचलणाऱ्या दांड्याची) लांबी, बोल्टची भोकं, हँडलच्या दांड्याचे दाते एकावर एक ठेवून जुळवा. डावं-उजवं वेगळं असतं, हे सांगूनच मागा.

खोलायच्या आधी काच पूर्ण वर करून लाकडी पाचर मारा. जुन्या हँडलला मागच्या चकतीआड पिन असते. चकती आत दाबून धरायची आणि बारीक पंचने पिन ठोकायची. दाराचं आतलं पॅनल निघालं की हाताचा रोलर काचेखालच्या चॅनलमधून सरकवून मोकळा करा.

आता पाचर काढा आणि काच दोन्ही तळव्यांनी वरखाली करा. ही तपासणी कुणी करत नाही, आणि खरा दोष इथेच सापडतो. काच अडकत असेल तर नमद्याचं चॅनल, म्हणजे काच ज्यातून सरकते ती नमदा लावलेली खाच, कडक झालेलं असतं. अशा चॅनलमध्ये हँडल जोर लावून फिरवलं जातं, त्यात छोट्या पिनियनचे (हँडलने फिरणाऱ्या लहान दातेरी चाकाचे) दाते आधी झिजतात. चॅनल न बदलता नवं मशीन टाकलं तर त्याचीही तीच गत होते. म्हणून पहिला खर्च चॅनलवर करा. चॅनलच्या सेटला माझे पूर्ण गुण आहेत, मशीनला जेमतेम निम्मे.

काच तिरकी चढत असेल तर खालचं लोखंडी चॅनल काचेवरून सुटलेलं असतं. जुनं रबर खरवडून काढा, नवी रबरपट्टी साबणाच्या पाण्यात भिजवून लावा आणि चॅनल लाकडी हातोडीने हलकेच ठोकत बसवा. तेल लावू नका, रबर फुगतं.

जुन्या मशीनचा ढिला रिव्हेट पुन्हा ठोकून घट्ट होतो. मात्र गुंडाळीची स्प्रिंग ताणलेली असते. पातं शिकंज्यात पक्कं धरल्याशिवाय स्प्रिंगला हात लावू नका, बोट चिरडेल. दात्यांना आणि रोलरला लिथियम ग्रीस लावा, नमद्याला फक्त सिलिकॉन स्प्रे.

पॅनल लावण्याआधी दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. ती गाळाने बुजली की पाणी आतच साचतं आणि दाराचा तळ गंजू लागतो.