चार बर्नरचा हॉब घेतला, मोठी भांडी मात्र दोनच मावतात: आठ महिन्यांनंतर

गुढीपाडव्याला हॉब बसला, आता डिसेंबर चालू आहे. मधल्या काळात आंब्याचा आटवलेला रस, श्रावणातले उपास, गणपतीचे मोदक, दिवाळीचा फराळ सगळं त्याच्यावरून गेलं. पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर काळ्या काचेचं कौतुक करून मोकळी झाले असते. बरं झालं तेव्हा लिहिलं नाही.

घरात खाणारे पाच, रांधणाऱ्या दोघी: मी आणि सासूबाई. पुण्यातला जुना फ्लॅट. ओटा बदलायला काढला तेव्हा शेगडीपण बदलू असं ठरलं. तीन वाटा होत्या. काचेची ओट्यावर ठेवायची शेगडी, ओट्यात बसवायचा हॉब, नाहीतर गॅसला रामराम ठोकून इंडक्शन. नवऱ्याचा ओढा इंडक्शनकडे, सासूबाईंचा जुन्या स्टीलच्या शेगडीकडे, आणि मी मधे. शेवटी साठ सेंमीचा चार बर्नरचा हॉब घेतला, साडेबावीस हजारांना. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला ज्या गोष्टी खटकल्या त्यांतल्या बऱ्याचशा कोणत्याही कंपनीच्या हॉबमध्ये निघू शकतात.

शोरूममध्ये हॉबवर भांडं कधीच नसतं. नुसती काच, पितळी बर्नर आणि वर पिवळा दिवा. ‘मॅडम, चार बर्नर, एका वेळी चार पदार्थ’ असं विक्रेता म्हणाला आणि मी मान डोलावली. घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मागच्या बर्नरवर पाच लिटरचा कुकर ठेवला, पुढच्यावर भाजीची बारा इंची कढई. बसेचना. मग टेप काढून मोजलं. पुढच्या आणि मागच्या बर्नरच्या मध्यांत २३ सेंमी अंतर. कढईची अर्धी रुंदी १५, कुकरची अर्धी ११, झाले २६. म्हणजे तीन सेंमीने भांडी एकमेकांच्या अंगावर. शिवाय कढईचे कान आणि कुकरचा दांडा वेगळेच. तेव्हापासून आमचा चार बर्नरचा हॉब म्हणजे दोन मोठी भांडी तिरक्या कोपऱ्यांत आणि उरलेल्या जागेत चहाचं पातेलं. चौथा बर्नर बहुतेक वेळा झाऱ्या-पळ्या ठेवायची जागा आहे.

आता कोणी विचारलं तर मी सांगते, साठ सेंमीत तीन बर्नरच घ्या. चारच हवे असतील तर पंच्याहत्तर नाहीतर नव्वद सेंमीचा हॉब घ्या, आणि घरातली सगळ्यात मोठी कढई आणि कुकर पिशवीत घालून दुकानात न्या. लोक हसतील. हसू देत. माझ्या वहिनीने कोल्हापुरात हेच केलं, दुकानदाराने स्वतः जाळी पुसून कढई ठेवून दाखवली.

पण माझी खरी तक्रार बारीक गॅसची होती. मोठी ज्योत सगळेच दाखवतात. तिहेरी कड्याच्या मोठ्या बर्नरचा जाळ साडेतीन किलोवॉटच्या आसपास, पाणी पटकन उकळतं, खरंच उकळतं. पण आपला निम्मा स्वयंपाक मंद आचेवरचा. भाताला वाफ आणायची, लोणी कढवायचं, पुरण आटवायचं, रवा भाजायचा. आमच्या हॉबचा सगळ्यात लहान बर्नर सगळ्यात बारीक केला तरी लोण्याखाली जाळ जास्तच व्हायचा. सासूबाई आठ दिवस काही बोलल्या नाहीत. मग एकदा तुपाची बेरी करपली तेव्हा म्हणाल्या, ‘अगं, ह्याला नुसतं ओरडताच येतं. कुजबुजता येत नाही.’ तेव्हापासून चार-पाच महिने आम्ही तव्यावर पातेलं ठेवून तूप कढवत होतो. ह्याचा उलगडा पुढे वेगळ्याच कारणाने झाला, तो सांगते.

उंचीचं कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते. ओट्यावरची शेगडी स्वतःच चारेक इंच उंच असते आणि तिच्यावर भांडं. हॉब ओट्याच्या पोटात जातो, त्यामुळे भांडं तेवढं खाली येतं. सासूबाई पाच फुटांच्या आत. त्यांना कढईत डोकावून बघता येऊ लागलं, पुरण घोटताना खांदा वर उचलावा लागत नाही, हे त्यांना मनापासून आवडलं. नवरा सहा फुटी, तो रविवारी ऑम्लेट करतो आणि कंबर धरून उभा राहतो. त्याला मी म्हटलं, रविवारचंच तर आहे.

ह्याची दुसरी बाजू अशी की ओट्याखालची वरची ट्रॉली गेली. हॉबचं पोट खाली चार इंच लोंबतं, त्याच्याच बाजूला बॅटरीचा डबा आणि नळी. चमच्यांचा कप्पा तिथे ठरला होता, तो आता फ्रिजशेजारी आहे. आणि ग्रॅनाइट कापण्याची घाई करू नका. आमच्या गवंड्याने कॅटलॉगवरचं माप घेऊन भोक पाडून ठेवलं आणि आलेलं मॉडेल सहा मिलिमीटरने मोठं निघालं. ओटा बसलेला असताना पुन्हा कटर चालवला, तीन दिवस डाळीच्या डब्यांवरून पांढरी धूळ पुसत होतो. हॉब हातात आला, खोक्यातला कागदी साचा दगडावर ठेवला, मगच कटर.

एक गोष्ट मात्र पैसे वसूल. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होण्याची सोय, दुकानात तिला एफएफडी म्हणतात. बर्नरच्या कडेला एक बारीक कांडी असते. ती तापलेली असते तोवर तिच्यात किंचित वीज तयार होते आणि त्या विजेवर आतली झडप उघडी राहते. ज्योत गेली, कांडी थंड झाली, की झडप मिटते. जुलैत मी फोनवर बोलत हॉलमध्ये गेले आणि दूध उतू जाऊन गॅस विझला. परत आले तेव्हा काचेवर दुधाचं तळं होतं, बटण चालूच, पण गॅसचा वास नाही. हा प्रकार जुन्या शेगडीवर झाला असता तर काय झालं असतं, ह्याचा विचार मी मुद्दाम करत नाही. ह्या सोयीचं मॉडेल अडीच हजारांनी महाग होतं. घरात विसरभोळं माणूस असेल तर ह्यात घासाघीस करू नका. पेटवताना बटण पाचेक सेकंद दाबून धरावं लागतं, सासऱ्यांना ते जमायला महिना लागला. ते लगेच सोडायचे, ज्योत जायची आणि ते म्हणायचे, ‘बिघडलाय हा.’

ऑगस्टमध्ये सोसायटीत पाइपचा गॅस आला. इथे ज्यांना पुढेमागे पाइप गॅस मिळणार आहे त्यांनी जरा थांबून वाचा. सिलिंडरचा गॅस रेग्युलेटरमधून ३० मिलिबार दाबाने येतो, पाइपचा २१ ने. शिवाय पाइपचा गॅस मुख्यतः मिथेन, तेवढ्याच घनफळात त्याची उष्णता एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून तेवढाच जाळ हवा तर जेटचं, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडाचं, भोक मोठं लागतं. साध्या दोन बर्नरच्या शेगडीचे जेट कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडेही असतात. तिहेरी कड्याच्या बर्नरचे मात्र कंपनीकडूनच मागवावे लागले. दोन आठवडे माझा सगळ्यात महागडा बर्नर झाकण लावून बसला होता. घेतानाच विचारा: पाइप गॅसचे जेट खोक्यात आहेत का, नसतील तर वेगळे किती दिवसांत मिळतात?

पण त्याच दुरुस्तीत तो तुपाचा उलगडा झाला. जेट बदलायला आलेल्या काकांनी बटण उपटून काढलं, त्याच्या खाली एक चिमुकला स्क्रू दाखवला. बारीक गॅसला किती गॅस सुटायचा हे तो स्क्रू ठरवतो. गॅस बदलला की तो लावून घ्यावा लागतो. काकांनी ज्योत सगळ्यात बारीक ठेवून स्क्रू अर्धा आटा फिरवला, ज्योत निळ्या मण्यांच्या माळेएवढी झाली, तरी विझली नाही. मग कपाटाचं दार झटक्याने लावून बघितलं, वाऱ्यानेही विझली नाही. मी विचारलं, ‘काका, हे सिलिंडरवर असतानाही करता आलं असतं का?’ ते म्हणाले, ‘ताई, बसवायला आला होता त्याने तेव्हाच करायचं असतं हे.’ बसवायला आलेला मुलगा वीस मिनिटांत चहा न घेता गेला होता. तुमच्याकडे कोणी बसवायला आलं तर बारीक गॅस लावून घेतल्याशिवाय सही करू नका. आणि हे स्वतः करायला जाऊ नका.

इंडक्शन आम्ही हॉबऐवजी नाही, जोडीला घेतलं. एकच चूल, २००० वॉटची. ओट्यावर तिच्यासाठी १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट काढून घेतला, मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर ती लावायची नाही. चहा, दूध, अंघोळीचं एखादं पातेलं पाणी, बटाटे उकडणं ही कामं आता तिच्याकडे. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तर भांडं चालतं, नाही चिकटला तर नाही, एवढी साधी परीक्षा. आमचा ॲल्युमिनियमचा जुना कुकर, पितळी पातेलं, तांब्याचा तळ असलेली दोन भांडी बाद झाली.

जे जमत नाही तेही सांगते. बिडाचा तवा चालतो, पण आमच्या चुलीतली भांडं तापवणारी तारेची गुंडाळी मधोमध हातभर नाही, वीतभरच. त्यामुळे भाकरी मधे करपते आणि कडेला कच्ची राहते. फुलका जाळावर टम्म फुगवता येत नाही. भरताचं वांगं, पापड, वाटणासाठी सालासकट भाजलेला कांदा ह्यांना उघडी ज्योतच लागते. आणि कमी पॉवरवर आमची चूल मंद तापत नाही, ती चालू-बंद होत राहते. काही सेकंद पूर्ण जोर, मग शांत. खीर आटवताना हे डोळ्यांनी दिसतं: उकळी फुटते, बसते, फुटते, बसते. मोठ्या बसवायच्या इंडक्शन हॉबमध्ये हे सुधारलेलं असतं, पण त्यांतल्या चार चुलींच्या हॉबला सात किलोवॉटपर्यंत वीज लागू शकते. जुन्या फ्लॅटमध्ये तेवढ्यासाठी वायरिंग आणि मंजूर भार दोन्ही वाढवावे लागतील, हे आमच्या वायरमनने सांगितलं आणि नवऱ्याचा उत्साह मावळला.

खर्चाचा हिशेब लोक विचारतात. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेएवढी उष्णता असते. त्यातली बरीच भांड्याच्या बाजूने निघून जाते, इंडक्शनची त्यामानाने कमी जाते. दोन्ही धरून माझ्या हिशेबाने एका सिलिंडरचं काम इंडक्शनवर १२५ ते १४५ युनिटांत होतं. आता ह्याला दर लावताना विजेच्या बिलाची सरासरी घेऊ नका, तुमच्या शेवटच्या स्लॅबचा दर घ्या, कारण इंडक्शनचे युनिट वरच्या टोकालाच जाऊन बसतात. आमचं घर आधीच वरच्या स्लॅबमध्ये, त्यामुळे आम्हाला गॅसच स्वस्त पडतो. एकट्यादुकट्या माणसाचं गणित उलटं निघू शकतं.

साफसफाई ठीक. काच पुसायला सोपी, पण तापलेल्या काचेवर ओलं फडकं टाकायचं नाही आणि बर्नरच्या बाहेर पसरणारी परात तासभर ठेवायची नाही, खाली उष्णता कोंडते. वरच्या मजल्यावर एकांची काच अशीच गेली, हरभऱ्याएवढे तुकडे सगळ्या स्वयंपाकघरात. पितळी बर्नर काळे पडतात, चिंचेच्या कोळाने निघतात. धुतल्यावर पूर्ण वाळवले नाहीत तर नुसतं टकटक वाजतं आणि पेटत नाही. एक बटण फिरवलं की चारही बर्नरच्या ठिणग्या उडतात, तो बिघाड नव्हे.

दिवाळीत चकल्यांची मोठी कढई हॉबवर ठेवली तर बाकी काहीच ठेवता येईना. शेवटी सासूबाईंनी माळ्यावरून जुनी स्टीलची शेगडी काढायला लावली. पाइप यायच्या आधीचा एक सिलिंडर अजून परत केला नव्हता, तो जोडला आणि शेगडी गॅलरीत मांडली. अनारसे, चकल्या, शेव सगळं तिथेच झालं. शेगडी अजून तिथेच आहे. मी माळ्यावर ठेवू का विचारलं, तर म्हणाल्या, ‘राहू दे, संक्रांतीच्या गुळपोळ्या आहेत.’