शस्त्रांची चुरस महाग की आयातशुल्काची?

शस्त्रांच्या चुरशीचा खर्च उघड दिसतो. १९८६ च्या सुमारास जगात सत्तर हजारांच्या आसपास अण्वस्त्रं होती, आणि सोव्हिएत संघात साध्या मांसासाठी रांगा. भांडण मॉस्को-वॉशिंग्टनचं, मेली ती कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तानातली माणसं.

आयातशुल्काच्या भांडणात रक्त सांडत नाही, म्हणून ते स्वस्त वाटतं. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी चिनी मालावर शुल्क लावलं. चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के बसवून खरेदी ब्राझीलकडे वळवली. मग अमेरिकेला आपल्याच शेतकऱ्यांना अब्जावधी डॉलर वाटावे लागले! शुल्काचा बोजाही बहुतांशी तिथल्याच आयातदारांनी आणि गिऱ्हाइकांनी उचलला.

आपल्याकडे बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचा सोयाबीनवाला आडतीत भाव विचारतो, तेव्हा त्यात अमेरिकेतल्या शिकागोच्या धान्यबाजाराचाही हात असतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्यांचंही (धातूचं ओतकाम करणाऱ्यांचंही) तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेलाचं निमित्त करून अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. ऑर्डर थांबली तरी कामगारांचा पगार आणि बँकेचा हप्ता थांबत नाही.

जीव मोजले तर शस्त्रांचीच चुरस महाग, यात वादच नाही. पण छोट्या कारखानदाराला आज विचाराल, तर तो दुसरीकडेच बोट दाखवेल.